व्हॉइसमेलची खाती आणि परवानग्या: कोणाचा निरोप कोण ऐकणार, हे आधी ठरवा

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात फोनची यंत्रणा बघायला गेलो होतो. त्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे त्या दिवशी बाहेरगावचे सगळे फोन व्हॉइसमेलवर जातात. विक्रीचं काम बघणारा मुलगा नोकरी सोडून दोन महिने झाले होते आणि त्याच्या मेलबॉक्सचा पिन कोणालाच ठाऊक नव्हता. पिन बदलून आत गेलो, तर जुन्या गिऱ्हाइकांचे निरोप तसेच पडलेले. ‘कोटेशन कधी पाठवताय?’ मालक बराच वेळ काही बोलले नाहीत.

यात यंत्राचा दोष काहीच नव्हता. खातं माणसाच्या नावानं उघडलं होतं, कामाच्या नावानं नाही. म्हणून स्क्रीनसमोर बसण्याआधी कागद घ्या.

आधी कागदावर

तीन रकाने आखा: एक्स्टेंशन (म्हणजे ऑफिसातल्या फोनचा आतला नंबर), निरोप कोणासाठी, आणि तो माणूस नसेल तेव्हा ऐकणार कोण. विक्री, हिशेब, सर्व्हिस अशा कामांना स्वतंत्र मेलबॉक्स द्या. बाहेरच्या लोकांना छापून दिलेला नंबर याच मेलबॉक्सकडे वळवा. वैयक्तिक मेलबॉक्स फक्त ज्यांना खरोखर लागतो त्यांनाच. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ते खातं उघडू नका.

खातं उघडणं

उदाहरण फ्रीपीबीएक्सचं घेतो. ऑफिसची फोनयंत्रणा ब्राउझरमधून सांभाळायचं हे सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं आणि त्याच्या पोटात ॲस्टेरिस्क हे कॉल जोडणारं सॉफ्टवेअर चालतं. तुमची यंत्रणा वेगळी असेल, तर बटणांची नावं बदलतील एवढंच.

‘एक्स्टेन्शन्स’मध्ये हवा तो नंबर उघडा, ‘व्हॉइसमेल’ या टॅबवर जाऊन ते चालू करा, पिन आणि ईमेल भरा, ‘सबमिट’ दाबा. मग वर दिसणारं लाल ‘अप्लाय कॉन्फिग’ दाबायला विसरू नका. ते दाबेपर्यंत बदल लागू होत नाही.

याच टॅबवर दोन गोष्टी नीट वाचाव्यात. पहिली, निरोप ईमेलला जोडून पाठवण्याची सोय. ती जरूर चालू करा. दुसरी, ईमेल गेल्यावर मेलबॉक्समधून निरोप पुसण्याची सोय. ही मी बंदच ठेवतो. ईमेलच्या पत्त्यात एक अक्षर चुकलं, तर निरोप तिकडे पोचत नाही आणि इकडून पुसला जातो. त्यातही जोडणी बंद आणि पुसणं चालू असं झालं, तर आवाज कायमचा गेला.

पिन

१०१ च्या मेलबॉक्सला १०१ हाच पिन, किंवा सगळ्यांना १२३४. बहुतेक ऑफिसांत मला हेच दिसतं. ब्रिटनमध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकासाठी लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकले गेले, ते प्रकरण इतकं पेटलं की २०११ मध्ये साप्ताहिकच बंद झालं. न बदललेल्या पिनमुळे असं चोरून ऐकणं फार सोपं होतं. सहा आकडी पिन द्या, प्रत्येकाला वेगळा, आणि तो पहिल्याच दिवशी ज्याचा त्याला बदलायला लावा. *९७ फिरवून मेलबॉक्सच्या मेन्यूत तो बदलता येतो.

आपल्याच टेबलावरच्या फोनवरून ऐकताना पिन विचारायचा की नाही, हेही ठरवता येतं. एकाच फोनवर दोन-तीन जण बसत असतील, तर विचारलाच पाहिजे.

परवानग्या

साहेबांना विक्रीचे निरोप ऐकायचे असतात, म्हणून विक्रीचा पिन त्यांना सांगितला जातो. मग त्यांच्या सहायकाला, मग रिसेप्शनला. असा पिन वाटू नका. ‘युजर मॅनेजर’मध्ये साहेबांच्या नावाला विक्रीचा मेलबॉक्स जोडून द्या. ते स्वतःच्या पासवर्डनं ब्राउझरमध्ये शिरतील आणि निरोप ऐकतील. उद्या त्यांचं खातं बदललं, तरी विक्रीचा पिन तसाच राहील.

ॲडमिनचा पासवर्डही असाच फिरतो. रिसेप्शनवरच्या ताईंना फक्त एक्स्टेंशनच्या नोंदी बदलायच्या असतील, तर ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’मध्ये त्यांचं वेगळं खातं काढा आणि तेवढाच भाग उघडा. पूर्ण अधिकार दोघांकडे असावेत: एक मालक, दुसरा यंत्रणा सांभाळणारा. एकाकडेच ठेवले आणि तो गावी गेला, तर काम अडतं.

आणि एक परवानगी शक्यतो कोणालाच देऊ नका: मेलबॉक्सच्या आतून बाहेर फोन लावण्याची. ‘डायलआउट’ आणि ‘कॉलबॅक’ या जागा रिकाम्या सोडल्या की ती बंद राहते. ती उघडी असेल आणि बाहेरून आलेल्या कोणी पिन ओळखला, तर रात्रभर परदेशी कॉल लागतात आणि बिल तुमच्या नावावर येतं.

कोणी सोडून गेलं तर

त्याच दिवशी पिन बदला, ईमेलचा पत्ता बदला, ब्राउझरचा प्रवेश बंद करा. खातं लगेच पुसू नका. पडलेले निरोप आधी ऐका आणि नवा संदेश रेकॉर्ड करा: ‘या कामासाठी आता अमुक नंबरवर फोन करा.’

सगळं झालं की मोबाइलवरून आपल्याच ०२० च्या नंबरवर फोन करून प्रत्येक मेलबॉक्समध्ये एकेक निरोप ठेवा. तो कागदावरच्या तिसऱ्या रकान्यातल्या माणसाला ऐकता येतो का, ते त्याच्या शेजारी उभं राहून बघा.