‘किताब’ हा उर्दू शब्द कसा अभ्यासावा

उर्दू शिकू लागलेल्या मराठी माणसाला ‘किताब’ हा शब्द ओळखीचा वाटतो आणि नेमके तेथेच सावध राहावे लागते. ‘महाराष्ट्र केसरी’चा किताब असे आपण म्हणतो तेव्हा मनात पदवी असते, हा शब्द मुळात ‘खिताब’ असून मराठीत त्यातील ‘ख’चा ‘क’ झाला आहे. उर्दूतील ‘किताब’ म्हणजे मात्र पुस्तक. म्हणून कानावर न विसंबता आधी अक्षरे पाहावीत: पुस्तकासाठी काफ, ते, अलिफ, बे, पदवीसाठी खे, तोय, अलिफ, बे. ‘ते’ आणि ‘तोय’ या दोहोंचा उर्दू उच्चार ‘त’ असाच होत असल्याने हा फरक केवळ लिपीतच दिसतो.

नंतर धातू शोधावा. अरबीतील क-त-ब या तीन व्यंजनांचा अर्थ ‘लिहिणे’ असा आहे आणि त्यांतूनच कातिब (लिहिणारा), मकतूब (लिहिलेले, म्हणजे पत्र) व मकतब (शाळा) हे शब्द घडले आहेत. संगणकावर नस्तालीक लिपी येईपर्यंत उर्दू वृत्तपत्रांचा मजकूर कातिबच हाताने लिहून देत असत, हे लक्षात घेतले की या धातूचा अर्थ सहसा विसरत नाही.

व्याकरणात सर्वांत महत्त्वाचे ते लिंग. अरबीत हे नाम पुल्लिंगी आहे, उर्दूत स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘मेरी किताब’ असेच म्हणावे. अनेकवचन ‘किताबें’ होते. मराठीत ‘भिंत’ला प्रत्यय लागताच ‘भिंतीत’ असे सामान्यरूप होते, परंतु उर्दूत एकवचनी ‘किताब में’ म्हणताना नाम बदलत नाही. बदल होतो तो अनेकवचनात, ‘किताबों में’ असा. याखेरीज ‘कुतुब’ हे अरबी अनेकवचन ग्रांथिक भाषेत आणि ‘कुतुबख़ाना’ (ग्रंथालय) यासारख्या शब्दांत भेटते.

शेवटी इज़ाफ़त, म्हणजे दोन शब्द ‘ए’ने जोडणारी रचना. ‘किताब-ए-मुक़द्दस’ म्हणजे पवित्र ग्रंथ, अर्थात बायबल. ‘अहल-ए-किताब’ म्हणजे ग्रंथाचे अनुयायी. या रचनेत मुख्य नाम आधी येते, त्यामुळे मराठी अर्थ लावताना मागून पुढे यावे. ‘ए’ दाखवणारी ज़ेर ही खूण छापील मजकुरात बहुधा गाळलेली असते. तेव्हा असे दोन शब्द लागोपाठ आले आणि अर्थ जुळेना, तर ते इज़ाफ़तीने जोडून वाचून पाहावेत.