लहान पायांसाठी ट्रेकचे बूट घेताना या चुका टाळा

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. पन्हाळा ते पावनखिंड ही दोन दिवसांची पायी मोहीम जुलैत, आणि बुटांची आठवण होते जूनच्या शेवटच्या आठवड्यात. "ताई, माझा पाय लहान आहे. दुकानात तीन नंबर नव्हता म्हणून चार घेतला. जाड मोजे घातले की बसतोय. चालेल ना?"

नाही चालणार. दरवर्षी हेच सांगते आणि दरवर्षी वाटेतल्या कुंभारवाडीच्या उतारावर कुणीतरी बूट काढून रडत बसलेली दिसते. माझा स्वतःचा पाय साडेएकवीस सेंटिमीटरच्या आतला आहे, त्यामुळे दुकानातून हात हलवत परत येणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. चार दुकानं फिरल्यावर "मिळालं ते घेऊ" असं वाटतं. पण हे पायातलं आहे. ओढणी नाही की जरा लांब झाली तर खोचून घेतली.

मोठा बूट आणि दोन-दोन मोजे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

आपल्याकडे जे इंग्लिश नंबर चालतात त्यात एका नंबरचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर मोठा बूट घेतला तर पायापुढे सतरा मिलिमीटर जादा जागा. बूट चवड्यापाशी, अंगठ्याच्या मुळाशी वाकावा असा बनवलेला असतो. तो लांब असला की त्याची वाकायची जागा बोटांकडे सरकते. पाय वाकतो एकीकडे, बूट वाकतो दुसरीकडे. मग प्रत्येक पावलाला टाच वर निघते आणि घासते. उतारावर याच्या उलट होतं, अख्खा पाय पुढे घसरतो आणि बोटं बुटाच्या नाकावर आदळतात. मोठ्या बुटात नख काळं पडत नाही हा समज मनातून काढून टाका. सैल बुटात ते जास्त पडतं.

काही वर्षांपूर्वी माझी मामेबहीण मोहिमेला आली. तिचा पाय मोजून एकवीस सेंटिमीटर, म्हणजे दोन नंबरच्या आतच. घालून आली होती चार. दुकानदाराने सांगितलं होतं, "दोन पायमोजे घाला की ताई, फिट्ट बसतंय बघा." पन्हाळ्यावर मी ते पाहिलं, पण बरोबर चाळीस माणसं होती, निघायची घाई होती, मी काही बोलले नाही. त्याची खंत मला अजून आहे.

मसाई पठारावर ती सगळ्यांच्या पुढे. धुकं, पाऊस, सपाटीची वाट, काही त्रास नाही. पठार संपून कुंभारवाडीकडे उतार लागला आणि दहा मिनिटांत ती मागे पडली. मी नाडी सोडून पुन्हा आवळून दिली, उपयोग झाला नाही. दोन्ही मोजे पाण्याने फुगले होते आणि आतला मोजा गोळा होऊन टाचेखाली गेला होता. कसंबसं करपेवाडी गाठलं. संध्याकाळी बूट काढले तेव्हा दोन्ही टाचांची रुपयाएवढी कातडी मोज्याला चिकटून आली. अंगठ्यांची नखं निळीकाळी. सकाळी तिला चप्पलसुद्धा घालवेना. गावातल्या एका पोराने दुचाकीवरून डांबरी रस्त्यापर्यंत सोडलं आणि तिथून ती वडापने, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपने, कोल्हापूरला परत गेली.

जुलै १६६० मध्ये महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, ती वाट एकदा आपल्या पायांनी चालायची ही तिची शाळेपासूनची इच्छा होती. बाजीप्रभूंच्या खिंडीत डोकं टेकवायचं होतं. खिंड दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर होती आणि ती घरी टाच मिठाच्या पाण्यात घालून बसली होती. अंगठ्याचं नख पुन्हा पूर्ण यायला वर्ष लागतं. तिचं तेवढंच लागलं.

मोजा हा पायासाठी असतो, बुटातली मोकळी जागा भरण्यासाठी नाही. तो दाबला जातो, भिजतो, सरकतो. बूट अर्धा नंबर मोठा असेल, त्याहून जास्त नाही, तर जागा खालून भरा. मी कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका कारागिराकडून पातळ चामड्याचा सुखतळा (पायाखालचा आतला सुटा तळ) कापून घेते आणि तो बुटाच्या मूळ सुखतळ्याखाली घालते. पाय जरा उचलला जातो, वरून बूट नीट धरतो. टाच तरी निघत असेल तर नाडी अशी बांधा: सगळ्यात वरच्या दोन छिद्रांत नाडी आडवी न नेता त्याच बाजूला सरळ वर घ्या, म्हणजे दोन्हीकडे एकेक छोटा फास तयार होतो. मग डावीकडची नाडी उजव्या फासातून, उजवीकडची डाव्या फासातून ओढा आणि गाठ मारा. टाच मागे बसते. बूट पूर्ण नंबरने मोठा असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. परत द्या.

"चामडं सैल होतंय की"

ही खास आपल्या कोल्हापूरची चूक. आपण लहानपणापासून पायताण घट्टच घेतो. पहिले आठ दिवस करकरतं, चावतं, मग चामडं पायाचा आकार घेतं. टाच किंचित बाहेर राहिली तरी कुणाला काही वाटत नाही. चपलेचं ते बरोबर आहे, कारण ती पुढून-मागून उघडी असते.

बुटाला पुढे भिंत असते. आजच्या बहुतेक ट्रेकिंग बुटांचं वरचं कापड जाळीचं आणि कृत्रिम धाग्याचं, नाकाला रबर. ते लांबीला तसूभरही वाढत नाही. अस्सल चामड्याचा बूटसुद्धा रुंदीला थोडा सैलावतो, लांबीला नाही. म्हणून "माझ्या चपलेचा नंबर पाच आहे" असं सांगून बूट मागू नका. चपलेचा नंबर चपलेपुरता.

नंबर विचारू नका, सेंटिमीटर मोजा

पाय संध्याकाळी मोजा, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असतो आणि ट्रेकमध्येही तो तसाच सुजणार आहे. भिंतीला टाच लावून कागदावर उभ्या राहा, ट्रेकला जो पायमोजा घालणार तो घालून. बसून मोजू नका, वजन पडल्यावर पाय पसरतो. दोन्ही पाय मोजा, मोठा निघेल त्यावर बूट घ्या. मी माझ्या पायाचा पुठ्ठा कापून पर्समध्ये ठेवला आहे. दुकानात गेले की आधी बुटातला सुखतळा काढून त्यावर पुठ्ठा ठेवते. पुढे सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर उरलं तरच बूट पायात घालते. दुकानदार वैतागतात. वैतागू देत.

साडेएकवीस सेंटिमीटरचा पाय इंग्लिश मापात दोनच्या जरा पुढे आणि युरोपियन मापात साडेचौतीसच्या आसपास येतो. प्रत्येक कंपनी आपल्या साच्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे करते. ऑनलाइन मागवताना अमेरिकन नंबर वेगळा असतो हे लक्षात ठेवा. त्यांच्याकडचा बायकांचा पाच म्हणजे आपला साधारण तीन. हे न पाहता किती तरी जणींनी पाच नको म्हणून योग्य मापाचा बूट सोडून दिला आहे.

रुंदीचं दुखणं निराळं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर पायांची मोजणी केली तेव्हा भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद आढळले, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. आपल्यातल्या अनेकींचा पाय आखूड आणि चवडा रुंद असतो. करंगळी दाबली गेली की दुकानदार लगेच लांबीने मोठा नंबर काढतो. तो घेऊ नका. चवड्याजवळचं पहिलं छिद्र सोडून नाडी ओवा, तेवढ्याने बऱ्याचदा काम होतं. नाहीतर दुसरा साचा बघा.

स्वस्तात मिळालेला शेवटचा जोड

लहान नंबर दुकानात कमी येतात आणि जे येतात ते पडून राहतात. तीन-चार वर्षांनी तोच जोड निम्म्या किमतीत बाहेर निघतो आणि आपल्याला वाटतं नशीब उघडलं. मलाही तसंच वाटलं होतं. दिसायला कोरा करकरीत बूट, माप तंतोतंत. दाजीपूरच्या जंगलात शिवगडाकडे जाताना तासाभरात उजव्या पायाचा खालचा सोल जिभेसारखा लोंबायला लागला. थोड्या वेळात डावाही. आतला फोम बोटांनी दाबला तर भाकरीच्या तुकड्यासारखा भुगा होत होता. बॅगेच्या पट्ट्या काढून बूट बांधले आणि पाय घासत परतले.

बुटाच्या सोलमधला पॉलियुरेथेन फोमचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातो. वापरला नाही तरी तुटतो. आपल्या पट्ट्यात चार महिने भिंतींना ओल असते, बंद खोक्यात ही प्रक्रिया थांबत नाही. म्हणून खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. दोन वर्षांहून जुना जोड मी कितीही सवलतीत घेत नाही. सोलच्या कडेचा फोम नखाने दाबून पाहते. बारीक चिरा दिसल्या किंवा नख रुतून खूण राहिली, तर बूट खाली ठेवते. कपाटातल्या जुन्या बुटांनाही हेच लागू. मोहिमेच्या आधी पंधरा दिवस ते घालून चालून बघा.

लहान मुलांचे बूट

लहान पायाच्या बाईने मुलांचे बूट घ्यावेत का? यावर माझं मत ठाम आहे, पण सरसकट नाही. इंग्लिश मापात मुलांचा दोन आणि मोठ्यांचा दोन लांबीने एकच. तेव्हा मुलांच्या रॅकवर जायला लाजू नका, तिथे नंबर मिळतात आणि किंमतही कमी असते. रंकाळ्याच्या फेऱ्या, जोतिबाची चढण, पन्हाळ्याची दिवसभराची भटकंती यांना ते पुरतात. पण हे बूट पंचवीस-तीस किलोच्या पोरासाठी बनवलेले असतात. फोम मऊ, सोल पातळ, घोट्याला आधार कमी. पन्नास-पंचावन्न किलोची बाई, पाठीवर सहा-सात किलो आणि दोन दिवसांची चाल, हे त्यांना झेपत नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दगड तळव्याला टोचतो. दोन्ही हातांनी बूट टॉवेलसारखा पिळून बघा. सहज पिळला गेला किंवा मध्येच दुमडला तर मोहिमेसाठी नाही. फक्त चवड्याशी वाकला तर विचार करा.

आता बाकीच्या गोष्टी, ज्यांच्यावर फार बोलण्याची गरज नाही.

नवा बूट थेट मोहिमेला घालू नका. आधी पाच-सहा वेळा तरी घालून चाला, त्यातलं एकदा ओल्यात.

सुती मोजे नकोत. भिजले की वाळत नाहीत.

नखं चार दिवस आधी, सरळ रेषेत कापा. निघायच्या आदल्या रात्री नको.

बूट चुलीशेजारी किंवा गीझरवर वाळवू नका, डिंक सुटतो. जुना पेपर आत कोंबा आणि पेपर बदलत राहा.

दुकानात सपाट फरशीवर दोन पावलं चालून "बसतोय" म्हणू नका. जिना शोधा, भरभर उतरा, पायरीवर थांबून पाय पुढे रेटा. बोटं टेकली तर बूट नको. नाडी न बांधता पाय पूर्ण पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट जावं. दोन जात असतील तर बूट मोठा आहे.

वॉटरप्रूफ बुटासाठी अडून बसू नका. लहान मापात तो मुळात दुर्मीळ, आणि आपल्या जुलैत पाणी वरून शिरतं. ओढ्यात गुडघाभर उतरावंच लागतं. एकदा आत गेलेलं पाणी अशा बुटातून बाहेर पडत नाही, दिवसभर ते ओझं वाहायचं. पावसाळ्यात मी जाळीचा, पाणी निथळणारा बूटच वापरते. पैसे घालायचे तर तळाच्या रबरावर घाला. नख लावून बघा, कडक प्लॅस्टिकसारखं लागलं तर शेवाळलेल्या जांभ्यावर ते तुम्हाला आडवं पाडणार.

आणि घाई. वीस मिनिटांत बूट घ्यायला येणाऱ्या मुलींना मी आता बरोबर नेत नाही. लहान मापासाठी वेळ द्यावा लागतो. मी एप्रिलमध्ये सुरुवात करते. दुकानात सेंटिमीटरमधलं माप आणि फोन नंबर लिहून ठेवायला सांगते, दर आठवड्याला एकदा विचारते. पुढच्या खेपेत एखादा जोड येतोच. नाही आला तर ऑनलाइन मागवून, घरातल्या चादरीवर घालून बघून, सोलला माती न लावता परत करायला मे महिना हाताशी राहतो.