वर्गखोलीची मांडणी शिकण्याला पूरक कशी करावी

वर्गखोलीत काहीही बदलण्यापूर्वी एक मोठा कोरा कागद घ्यावा आणि त्यावर खोलीचा आराखडा काढावा. तो प्रमाणबद्ध नसला तरी चालेल. मात्र दारे, खिडक्या, फळा, शिक्षकांचे टेबल, कपाटे, दिवे, पंखे आणि प्रत्येक आसन त्यात असले पाहिजे. नंतर दोन-तीन तासिका एखाद्या सहकाऱ्याला मागे बसायला सांगून या आराखड्यावर खुणा करून घ्याव्यात: कोणत्या आसनावरच्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारला गेला, कोणी आपणहून उत्तर दिले, शिक्षक कुठे उभे राहिले आणि कुठे फिरकलेच नाहीत, वही दाखवायला निघालेला विद्यार्थी कुठे अडला. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण ते टाळून केलेली मांडणी डोळ्यांना बरी दिसते आणि वागण्यात फारसा फरक पाडत नाही. रोजच्या वापरातल्या जागेच्या अडचणी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या कागदावर उतरल्याशिवाय दिसतच नाहीत.

रेमंड अ‍ॅडम्स आणि ब्रूस बिडल या संशोधकांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे आढळले होते की ओळींत बसवलेल्या वर्गात शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला बहुतेक संवाद पुढची ओळ आणि मधला पट्टा एवढ्यातच होतो. तुमच्या आराखड्यावरही खुणांची दाटी बहुधा तिथेच दिसेल. यावरून लगेच असा निष्कर्ष काढू नये की पुढे बसवले की मूल हुशार होते. ज्यांना बोलायचे असते ते जागा निवडण्याची मुभा मिळताच पुढे बसतात, हेही तितकेच खरे आहे. तरीही उपाय दोन्ही बाजूंनी करता येतो. आसने ठरावीक काळाने बदलावीत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिक्षकांना शेवटच्या ओळीपर्यंत जाता येईल इतकी वाट मोकळी ठेवावी. ज्या वाटेवर दप्तरांचे ढीग पडतात, त्या वाटेने शिक्षक जात नाहीत. आणि जिथे शिक्षक जात नाहीत, तिथली मुले हळूहळू तासातून बाहेर पडतात. दप्तरांसाठी भिंतीलगत जागा काढणे ही या संपूर्ण लेखातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

आता आसनांकडे वळू. ओळी चांगल्या की गट, हा वाद निरर्थक आहे, कारण उत्तर कामावर अवलंबून असते. एकट्याने लिहायचे, सोडवायचे किंवा वाचायचे असेल तेव्हा समोरासमोर बसवलेली मुले एकमेकांच्या नजरेत येत राहतात आणि बोलणे अपरिहार्य होते. अशा कामासाठी ओळी किंवा जोड्याच योग्य. चर्चेसाठी मात्र प्रत्येकाला बोलणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, म्हणून घोड्याच्या नालेच्या आकारात किंवा वर्तुळात बसवावे. चार जणांच्या गटात प्रयोग किंवा प्रकल्प चांगला होतो, पण त्याच गटाला फळ्यावरचे उतरवून घ्यायला लावले तर निम्म्या मुलांना तासभर मान वळवून बसावे लागते. तेव्हा आधी आठवड्याभराच्या तासिका पाहाव्यात, त्यात कोणत्या प्रकारचे काम सर्वाधिक आहे ते मोजावे आणि ती मांडणी कायमची ठेवून इतर एक किंवा दोन मांडण्या गरजेपुरत्या ठरवाव्यात.

मांडणी बदलली की ती टिकवावी लागते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातल्या एका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी १९५०च्या दशकात वृद्ध स्त्रियांच्या कक्षाचा अभ्यास केला. तिथे खुर्च्या भिंतीला पाठ लावून ओळीने मांडलेल्या होत्या आणि स्त्रिया शेजारी शेजारी बसूनही गप्प असत. लहान टेबलांभोवती खुर्च्या मांडल्यावर काही आठवड्यांत संभाषणे जवळजवळ दुपटीने वाढली, पण सुरुवातीला लोक खुर्च्या पुन्हा पुन्हा भिंतीकडे सरकवत असत. वर्गातही हेच होते: झाडलोट झाली की बाक जुन्या जागी परततात. म्हणून प्रत्येक मांडणीसाठी जमिनीवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून बाकांच्या पायांच्या जागा दाखवाव्यात, सफाई करणाऱ्यांना त्या समजावून सांगाव्यात आणि मांडणी बदलण्याचा मुलांकडून दोन-चार वेळा सराव करून घ्यावा. सरावानंतरही तासिकेचा मोठा भाग बाक ओढण्यातच जात असेल, तर बाक फार जड आहेत किंवा मांडणी फार हौशी आहे असे समजावे.

मांडणीइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष आवाजाकडे द्यायला हवे आणि नेमके तेच सर्वांत कमी दिले जाते. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ साली न्यूयॉर्कमधल्या एका प्राथमिक शाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वेमार्ग जात होता. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती आणि वरच्या इयत्तांत हे अंतर जवळपास एका वर्षाइतके होते. पुढे रुळांखाली रबराचे पट्टे बसवले, वर्गांच्या छताला ध्वनिशोषक फलक लावले आणि नंतरच्या पाहणीत ते अंतर उरले नाही. शाळा तीच, इमारत तीच. फरक पडला तो केवळ ऐकू येण्यात.

आपल्या खोलीची परीक्षा सोपी आहे. खोली रिकामी असताना मध्यभागी उभे राहून एकदा जोराने टाळी वाजवावी. टाळीनंतर आवाज रेंगाळत असेल किंवा धातूसारखी थरथर ऐकू येत असेल, तर खोली घुमते. अशा खोलीत एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते, व्यंजने पुसट होतात आणि मागच्या ओळीतल्या मुलाला शब्द अंदाजाने ओळखावे लागतात. मोठ्यांना ते जमते, कारण त्यांचा शब्दसंग्रह मोठा असतो. जे मूल तो शब्द पहिल्यांदाच ऐकत आहे, त्याला जमत नाही. मध्यम आकाराच्या वर्गात आवाज विरण्याचा काळ ०.६ सेकंदाच्या आत असावा आणि शिक्षकांचा आवाज पार्श्वभूमीच्या गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) वर असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जाड पडदे, मागच्या भिंतीवर कापडाने मढवलेले फलक, उघड्या कपाटात दाटीने लावलेली पुस्तके आणि बाकांच्या पायांना रबरी टोप्या एवढ्यानेही घुमणे आणि खरखर बरीच कमी होते. ध्वनिशोषक छत सर्वांत परिणामकारक, पण खर्चिक. अंतराचाही हिशेब ठेवावा: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे महत्त्वाची सूचना देताना ओरडण्यापेक्षा चार पावले पुढे जाणे केव्हाही चांगले. १९६० आणि ७०च्या दशकांत भिंती काढून बांधलेल्या अनेक खुल्या शाळांत पुढे आडोसे उभे करावे लागले, त्यामागे गोंगाट हे मोठे कारण होते.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. डावखुऱ्यांना उलट बाजूला बसवावे. फळा किंवा पडदा खिडकीच्या समोर असेल तर चकाकी येते आणि खिडकीच्या भिंतीवरच असेल तर डोळे दिपतात, म्हणून तो खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर घ्यावा. बाकाच्या पृष्ठभागावर ३०० ते ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश पुरतो. प्रत्येक आसनावर स्वतः बसून फळा वाचून पाहणे हे उपकरणाने मोजण्यापेक्षाही उपयोगी पडते.

हवेचे गणित मात्र दिसत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, तर आपल्या उच्छ्वासात तो सुमारे ४ टक्के असतो. दारे-खिडक्या बंद केलेल्या भरल्या वर्गात तो तासाभरात १,००० पीपीएमच्या वर सहज जातो. दुपारच्या तासाला येणारी पेंग पुष्कळदा विषयाच्या माथी मारली जाते, तिच्यात या कोंदट हवेचाही वाटा असतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा खिडकी आणि दार, दर तासिकेच्या शेवटी उघडावीत.

भिंतींच्या बाबतीत मी बहुसंख्य शिक्षकांच्या मताविरुद्ध जाईन. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अ‍ॅना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली बालवर्गातल्या २४ मुलांना एकाच खोलीत, कधी भिंती चित्रांनी भरून तर कधी रिकाम्या ठेवून, विज्ञानाचे पाठ दिले. भरलेल्या भिंतींत मुलांचे लक्ष अधिक वेळ भरकटले आणि चाचणीत बरोबर उत्तरांचे प्रमाण ४२ टक्के राहिले. रिकाम्या भिंतींत ते ५५ टक्के होते. हा प्रयोग लहान आहे आणि लहान वयाच्या मुलांवरचा आहे, त्यामुळे त्याच्या जोरावर सगळी चित्रे काढून टाकू नयेत. पण फळ्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्यात, मुलांचे काम मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर लावावे आणि संपलेल्या पाठाचे तक्ते उतरवावेत. वर्षभर लटकलेला तक्ता कोणी वाचत नाही.

हे सारे बदल एकाच दिवशी करू नयेत, कारण मग कशाने काय झाले ते कळत नाही. टाळीची परीक्षा आणि हवा यांपासून आरंभ करावा, मग वाटा मोकळ्या कराव्यात, त्यानंतर आसने आणि शेवटी भिंती. प्रत्येक बदलानंतर दोन आठवडे जाऊ द्यावेत, कारण पहिल्या काही दिवसांतला उत्साह नावीन्याचा असतो. नंतर त्याच सहकाऱ्याला, त्याच विषयाच्या तासाला, नव्या कागदावर पुन्हा खुणा करायला सांगावे. मागच्या कोपऱ्यांतल्या खुणा वाढल्या नसतील, तर मुलांना बोल लावण्यापूर्वी त्या कोपऱ्यात बसून एक पूर्ण तास ऐकावा आणि तिथून काय दिसत नाही, काय ऐकू येत नाही याची यादी करावी.