परक्या पाण्यात गळ टाकण्याआधी: मासेमारीच्या लायसन्सबाबत या चुका टाळा

पहाटे पाचला तळ्याकाठी पोचायचं होतं, म्हणून आदल्या रात्री साडेदहाला मी फोनवर एक दिवसाचं लायसन्स काढलं. फॉर्ममधल्या 'सुरुवातीची तारीख' या रकान्यात त्याच दिवसाची तारीख आपोआप आली होती. ती न बघता मी पुढे गेलो, पैसे भरले, गजर लावला आणि झोपलो. सकाळी सातच्या सुमारास तपासनीस आला. त्याने आधी बादलीत डोकावून मासे मोजले, मग फोनवरचं लायसन्स पाहिलं आणि तारखेवर बोट ठेवलं. तिथे 'एक दिवस' म्हणजे चोवीस तास नव्हे, कॅलेंडरचा एक दिवस. माझं लायसन्स रात्री बारालाच संपलं होतं. मासे गेले, दंड भरला.

त्या दिवसापासून मी कुठेही गेलो तरी आधी अटी वाचतो. गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या पाण्यांवर अडकलेली जी माणसं भेटली, त्यांतलं कुणी चोरून मासे मारणारं नव्हतं. बहुतेकांनी पैसे भरले होते, पण चुकीच्या कागदासाठी. म्हणून लायसन्स काढण्याआधी मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो: हे पाणी कुणाच्या ताब्यात आहे? मला कोणता मासा हवा आहे? आणि इथल्या कायद्याच्या नजरेत मी रहिवासी आहे की पाहुणा? पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका यांतला एखादा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

देशाचं लायसन्स आहे असं धरून चालणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अमेरिकेत सगळीकडे चालेल असं एकच लायसन्स नाही. प्रत्येक राज्य आपापलं देतं. राज्याची हद्द ओलांडली की खिशातला कागद बहुतेक वेळा निरुपयोगी. त्यातही राज्याच्या आत वेगळी बेटं असतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मासेमारीसाठी उद्यानाचाच परवाना लागतो, आजूबाजूच्या राज्यांचं लायसन्स तिथे चालत नाही. आदिवासी राखीव प्रदेशांमध्ये बहुधा त्या जमातीच्या शासनाची परवानगी लागते.

कॅनडात ब्रिटिश कोलंबियाचं उदाहरण बघा. भरती-ओहोटीच्या पाण्यासाठी केंद्र सरकारचं लायसन्स, आणि नदी-तलावांच्या गोड्या पाण्यासाठी प्रांताचं. एकाच सुट्टीत सकाळी समुद्रात आणि संध्याकाळी तलावावर जायचं असेल, तर दोन वेगळ्या खात्यांचे दोन कागद. शिवाय समुद्रातला सॅल्मन घरी न्यायचा असेल तर त्या लायसन्सवर सॅल्मनचा स्टॅम्प, म्हणजे जादा पैसे भरून मिळणारी नोंद, हवा.

ब्रिटनचा गोंधळ वेगळा. इंग्लंडचं रॉड लायसन्स, म्हणजे गळाच्या काठीचं लायसन्स, इंग्लंड आणि वेल्स दोन्हीकडे चालतं. स्कॉटलंडमध्ये असं सरकारी रॉड लायसन्सच नाही, पाण्याच्या मालकाची परवानगी मात्र हवी. हद्दीवरच्या दोन नद्यांनी यात भर घातली आहे. ट्वीड नदी काही अंतर इंग्लंडमधून वाहते, तरी तिला इंग्लंडचं लायसन्स लागत नाही. आणि बॉर्डर एस्कच्या स्कॉटलंडमधल्या भागाला ते लागतं. उत्तर आयर्लंडची व्यवस्था पूर्ण स्वतंत्र. इंग्लंडमध्ये विनालायसन्स सापडलात तर दंड 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि 'मला वाटलं ते सगळीकडे चालतं' या उत्तराने तो टळत नाही.

ऑस्ट्रेलियात तर शेजारच्या राज्यातून आलेली माणसंच जास्त फसतात. न्यू साउथ वेल्समध्ये 18 वर्षांवरच्या माणसाला गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांसाठी शुल्क भरावं लागतं. उत्तरेला क्वीन्सलंडमध्ये गेलात की साध्या गळासाठी लायसन्स नाही, पण बाहेरून मासे आणून सोडलेल्या ठरावीक धरणांवर वेगळा परवाना लागतो, आणि तिथेच माणसं सापडतात. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून गळ टाकायला काही लागत नाही. तोच गळ इंजिनाच्या बोटीतून टाकला की लायसन्स हवं. टास्मानियात समुद्र मोकळा, तलाव-नद्यांना लायसन्स. साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीत रॉड आणि दोरीसाठी लायसन्स नाही. एकच देश, आणि एवढी उत्तरं.

लायसन्स मिळालं म्हणजे पाणी मिळालं असं समजणं

लायसन्स म्हणजे 'तुम्ही मासेमारी करू शकता' हे सरकारने मान्य केलं, इतकंच. कुठे करायची याची परवानगी वेगळी. इंग्लंडमध्ये बहुतेक नद्या आणि तळी कुणाच्या तरी मालकीची किंवा क्लबच्या ताब्यात असतात, त्यामुळे लायसन्सच्या जोडीला दिवसाचं तिकीट किंवा क्लबचं सभासदत्व लागतं.

जर्मनीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथे एक मूळ लायसन्स, त्याला फिशरायशाइन म्हणतात, आणि त्या-त्या पाण्यासाठी वेगळी परवानगी. मूळ लायसन्ससाठी साधारणपणे परीक्षा द्यावी लागते, ज्यात माशांच्या जाती ओळखणं, कायदे, आणि मासा वेदना न देता कसा मारायचा हे सगळं येतं. सुट्टीसाठी गेलेल्याने ही परीक्षा द्यावी अशी अपेक्षा नाही, पण सूट कुठे आहे ते शोधावं लागतं. श्लेस्विग-होल्स्टाइन आणि मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न ही उत्तरेची राज्यं पर्यटकांना परीक्षेशिवाय 28 दिवसांचं लायसन्स देतात. ब्रांडेनबुर्ग राज्यात इतर माशांची शिकार न करणाऱ्या माशांसाठी परीक्षा लागत नाही. दक्षिणेतल्या बव्हेरिया राज्यात तळ्याकाठी उभं राहून, तिथे न चालणारा उत्तरेचा पर्यटक कागद दाखवणारी माणसं असतात. त्यांचे पैसेही जातात आणि दिवसही.

जपानमध्ये नद्यांवर मासेमार सहकारी संस्थांचा हक्क असतो आणि त्यांच्याकडून तिकीट घ्यावं लागतं. आयु नावाच्या माशाचं तिकीट बहुतेक नद्यांवर वेगळं आणि महाग. तिकीट आधी न घेता काठावर बसलात, तर फिरता तपासनीस जागेवर तिकीट देतो, पण जास्त पैसे घेऊन.

'इथे काही लागत नाही' हे अर्धंच ऐकणं

न्यूझीलंडमध्ये हौशी माणसाला समुद्रात गळ टाकायला लायसन्स लागत नाही. हे खरं आहे, आणि एवढ्यावर विसंबून लोक ट्राउटच्या नदीवर जातात. गोड्या पाण्यातल्या ट्राउट-सॅल्मनसाठी फिश अँड गेम या संस्थेचं लायसन्स हवं, आणि ते असलं तरी ताउपो तलावाच्या परिसरात चालत नाही. तिथलं लायसन्स निसर्गसंवर्धन खातं देतं. अजून एक गोष्ट, जी कुठल्याच लायसन्सवर ठळक छापलेली नसते: डिडिमो नावाचं शेवाळ 2004 मध्ये तिथल्या नद्यांत सापडलं आणि 2008 पासून तळाला फेल्ट (नमद्यासारखं जाड कापड) लावलेले बूट गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी बंद झाले. फेल्टचा तळ लवकर वाळत नाही आणि त्यातून शेवाळ एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं. मी अशा नद्या पाहिल्या आहेत जिथे दगडावर लोकरीसारखा थर चढलेला असतो. तो थर एकदा बसला की निघत नाही, म्हणून हा नियम मला लायसन्सइतकाच महत्त्वाचा वाटतो.

नॉर्वेत समुद्र मोकळा आहे, पण नदी-तलावांना जमीनमालकांकडून मिळणारं कार्ड लागतं, आणि सॅल्मनच्या नद्यांवर प्रौढांना त्याशिवाय सरकारी शुल्कही. समुद्रातून पकडलेले मासे देशाबाहेर नेण्यावरही मर्यादा आहे, आणि नोंदणीकृत पर्यटन व्यवसायाकडे राहून मासेमारी केल्याचा कागद नसेल तर सीमेवर अख्खा शीतपेटा रिकामा करावा लागतो. स्वीडनमध्ये व्हेनर्न, व्हेटर्न, मेलारेन, येल्मारेन आणि स्टूरश्योन या पाच मोठ्या तलावांत आणि समुद्रकिनाऱ्यावर साधा गळ मोफत. बाकीच्या पाण्यांना कार्ड. फिनलंडमध्ये रीळ नसलेल्या साध्या काठीच्या गळाला शुल्क नाही. रीळ लावलं की नियम बदलतो.

आणि लायसन्स लागत नसलं तरी माशाची किमान लांबी आणि रोजची संख्या यांचे नियम बहुतेक ठिकाणी असतातच. पट्टी सोबत ठेवा.

पैशांचा हिशेब नुसत्या मूळ किमतीवर करणं

फ्लोरिडाचं उदाहरण घेतो, कारण तिथली रचना स्वच्छ आहे. रहिवाशाला वर्षाचं लायसन्स 17 डॉलर. पाहुण्याला तीन दिवसांचे 17, सात दिवसांचे 30, वर्षाचे 47. पण हे गोड्या पाण्याचं वेगळं आणि खाऱ्या पाण्याचं वेगळं. नवराबायको दोघं आठवडाभर दोन्ही पाण्यांत मासेमारी करणार असतील तर 30 डॉलर चार वेळा, म्हणजे 120. स्नूक मासा ठेवायचा तर माणशी आणखी 10 डॉलरचा परवाना. दुसरीकडे, लायसन्स असलेल्या भाड्याच्या बोटीवर गिऱ्हाईक म्हणून गेलात तर खाऱ्या पाण्याचं लायसन्स बोटीचंच चालतं. फक्त बोटीवर जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांनी तरीही माणशी लायसन्स घेतलेलं मी पाहिलं आहे. आधी बोटवाल्याला विचारा.

अलास्कात रहिवाशाचं वर्षाचं लायसन्स 20 डॉलर, पाहुण्याचं 100. एक दिवसाचं 15. किंग सॅल्मन हवा असेल तर स्टॅम्प वेगळा, आणि एक दिवसाच्या पाहुण्याला तोही 15. न्यू साउथ वेल्समध्ये तीन दिवसांचे 7, महिन्याचे 14, वर्षाचे 35 आणि तीन वर्षांचे 85 ऑस्ट्रेलियन डॉलर अशी पायरी आहे. पाच-सहा दिवसांच्या सुट्टीसाठी तीन दिवसांची दोन लायसन्स आणि महिन्याचं एक यांची किंमत सारखीच, तेव्हा महिन्याचं घ्या. दर बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर एकदा बघाच.

पैसे वाचवण्यासाठी मित्राचा पत्ता देऊन रहिवाशाचं लायसन्स काढू नका. रहिवासी ठरायला बहुतेक राज्यांत ठरावीक काळ राहणं लागतं, आणि खोटी माहिती देणं हा विनालायसन्स मासेमारीहून वेगळा, जास्त गंभीर गुन्हा ठरतो.

हे पैसे जातात कुठे, हेही सांगायला हवं. अमेरिकेत 1950 च्या कायद्यानुसार मासेमारीच्या साहित्यावरच्या कराची रक्कम राज्यांना वाटली जाते, आणि त्या वाटपात राज्यातल्या लायसन्सधारकांची संख्या 60 टक्के आणि क्षेत्रफळ 40 टक्के धरलं जातं. म्हणजे तुमच्या एका लायसन्समुळे त्या राज्याच्या पाण्याकडे दोन वाटांनी पैसा येतो. न्यू साउथ वेल्समध्ये शुल्क मासेमारीच्याच विश्वस्त निधीत जमा होतं.

मासा हातात आल्यावरची नोंद विसरणं

आयर्लंडमध्ये ट्राउट किंवा इतर साध्या माशांना लायसन्स नाही, पण सॅल्मन आणि समुद्री ट्राउटला आहे. त्यासोबत टॅग (माशाला अडकवायची खुणेची पट्टी) आणि नोंदवही मिळते. मासा ठेवायचा ठरवला की टॅग लगेच कल्ल्यातून ओवून लावायचा आणि वहीत लिहायचं. घरी जाऊन नाही, गाडीत बसून नाही. हात खवल्यांनी माखलेले असतात, पाऊस असतो. म्हणून टॅग आणि पेन वरच्या खिशात, झिपमध्ये. अलास्कात वार्षिक मर्यादा असलेल्या माशाची नोंद लगेच, न पुसणाऱ्या शाईने करावी लागते. पेन्सिल चालत नाही. इंग्लंडमध्ये सॅल्मनचं लायसन्स घेतलं आणि वर्षभर एकही मासा लागला नाही, तरी शून्याचा अहवाल 1 जानेवारीपर्यंत द्यावाच लागतो.

'मी तर पकडून सोडून देतो'

मासा ठेवला नाही तरी लायसन्स लागतं. गळ पाण्यात गेला की मासेमारी सुरू झाली. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून देण्याच्या इराद्याने मासे पकडणंच प्राणिसंरक्षण कायद्यात अडकू शकतं. इतर देशांत सवयीचा असलेला हा चांगुलपणा तिथे करण्याआधी स्थानिक क्लबला विचारा.

तारखा, वयं आणि नकली संकेतस्थळं

कॅलिफोर्नियात 2023 पासून लायसन्स खरेदीपासून 365 दिवस चालतं; त्याआधी ते 31 डिसेंबरला संपायचं. ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्राचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. मार्चमध्ये वर्षाचं लायसन्स काढलंत तर काही दिवसांत ते संपेल. लायसन्स चालू असलं तरी मासा बंद असू शकतो: इंग्लंडच्या नद्यांत सॅल्मन-ट्राउट सोडून गोड्या पाण्यातल्या इतर माशांना 15 मार्च ते 15 जून बंदी, हिमाचल प्रदेशात ट्राउटला 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर.

मुलांना सूट असते, पण वय जागोजागी वेगळं, आणि सूट म्हणजे कागदच नको असं नाही. इंग्लंडमध्ये 13 ते 16 वयाला लायसन्स मोफत आहे, पण काढावं लागतं. मुलाच्या नावाखाली स्वतः रॉड धरून बसू नका, तपासनिसाला ते लगेच कळतं.

लायसन्स शोधताना वर दिसणारं पहिलं संकेतस्थळ अनेकदा दलालाचं असतं. सरकारी फीवर स्वतःची फी चढवतं, कधी कागद देतच नाही. पैसे कापले गेले आणि लायसन्स क्रमांक आला नाही, तर घाईने दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी खात्यात 'माझी लायसन्स' बघा, मग मेलचा स्पॅम फोल्डर, मग बँकेचा संदेश क्रमांकासकट मदत केंद्राला पाठवा. क्रमांक हातात येईपर्यंत पाण्यावर जाऊ नका, कारण पैसे भरल्याची पावती म्हणजे लायसन्स नव्हे. क्रमांक आला की स्क्रीनशॉट घ्या आणि एक छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. नदीखोऱ्यात रेंज नसते आणि थंडीत बॅटरी उतरते.

आणि काठावर बसल्यावर लक्षात आलं की कागद चुकीचा आहे, तर गळ लगेच वर घ्या, रॉड सुटा करा. तपासनीस समोर उभा असताना फोनवर लायसन्स काढून दाखवण्याचा उपयोग नसतो. त्यावर बहुतेक वेळा खरेदीची वेळही छापलेली असते. जे झालं ते सांगा, ओळखपत्र द्या, बादली दाखवा. जिवंत मासे असतील तर ते त्याच्यासमोरच, त्याच्या सांगण्याप्रमाणे पाण्यात सोडा.