अपडेटनंतर हार्ड डिस्क गायब? मग या चुका टाळा

रात्री ‘अपडेट अँड शट डाउन’ करून झोपायचं, सकाळी मशीन सुरू करायचं, आणि ‘धिस पीसी’मध्ये सी आहे, डी आहे, पण ई नाही. विंडोजच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ही तक्रार हमखास कानावर येते. आणि ई म्हणजे नेमका तोच ड्राइव्ह, ज्यात टॅलीचा बॅकअप, लग्नाचे फोटो आणि मुलीच्या बारशापासूनचे व्हिडिओ असतात.

बहुतेक वेळा डेटा जिथल्या तिथे असतो. अपडेटने ड्राइव्हचं अक्षर काढलेलं असतं, डिस्क ऑफलाइन टाकलेली असते, स्टोरेजचा ड्रायव्हर (विंडोजला डिस्कशी जोडून देणारा प्रोग्रॅम) बदललेला असतो किंवा बिटलॉकरचं (डेटा सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचं) कुलूप लागलेलं असतं. फाइली खरोखर जातात त्या पुढच्या तासाभरात, घाबरून दाबलेल्या बटणांमुळे. कारण कळेपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही, हे एक पथ्य पाळलं तरी निम्मं संकट टळतं.

‘फॉर्मॅट’ आणि ‘इनिशियलाइझ’ला हो म्हणणं

ड्राइव्हवर डबल क्लिक केलं की विंडोज सांगतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करावी लागेल. खाली दोन बटणं असतात, ‘फॉर्मॅट डिस्क’ आणि ‘कॅन्सल’. या खिडकीचा अर्थ एवढाच की विंडोजला तिथली फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी, वाचता येत नाहीये. आत काही नाही, असं ती म्हणत नाही. कॅन्सल करा. क्विक फॉर्मॅट झालं तर साध्या हार्ड डिस्कवरून बरंच काही परत मिळू शकतं. पण विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉर्मॅट अख्ख्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) शून्यं लिहीत जातं, त्यानंतर हाती काही उरत नाही. एसएसडीवर तर क्विक फॉर्मॅटही महागात पडतं, कारण ट्रिम नावाची सोय रिकाम्या ठरलेल्या जागा लगेच साफ करायला घेते.

दुसरी खिडकी जास्त फसवी. शहाणा माणूस यूट्यूबवर बघून डिस्क मॅनेजमेंट उघडतो, आणि उघडताक्षणी समोर येतं ‘इनिशियलाइझ डिस्क’. एमबीआर की जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायच्या दोन पद्धती), एवढंच ती विचारते आणि ओके आधीच निवडलेलं असतं. सातबारा हरवला म्हणून जमीन कुठे जात नाही, तसंच इथे आहे: पार्टिशनची नोंद वाचता येत नाही, पण डेटा जागेवर आहे. ओके केलंत की त्या नोंदीच्या जागी कोरा कागद येतो. इथेही कॅन्सलच.

डिस्क मॅनेजमेंट न वाचताच उपाय सुरू करणं

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसते. डावीकडे डिस्कचा क्रमांक आणि आकार, उजवीकडे पार्टिशनचे चौकोन. कशालाही हात लावण्याआधी या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कुणाला दाखवायचं झालं तर या एका फोटोतून जे कळतं ते फोनवरच्या अर्ध्या तासाच्या वर्णनातून कळत नाही.

निळी पट्टी, ‘हेल्दी’ असं लिहिलेलं, नीट आकार, फक्त अक्षर नाही: हे सगळ्यात सोपं दुखणं. चौकोनावर उजवी क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘अॅड’, आणि पूर्वीचंच अक्षर द्या. पूर्वीचंच अशासाठी की टॅली, फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट हे सगळे जुन्या अक्षरावर अवलंबून असतात. ऑफिसात ते अक्षर नेटवर्क ड्राइव्हने घेतलेलं असेल तर आधी ते मोकळं करा. मात्र १०० एमबीचं ईएफआय किंवा ५००-७०० एमबीचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोजने स्वतःसाठी राखलेले भाग) दिसलं की त्याला अक्षर देऊ नका. २०१८ च्या एप्रिल अपडेटनंतर अनेक मशीनवर याचंच उलटं झालं होतं: रिकव्हरी पार्टिशनला आपोआप अक्षर मिळालं आणि ‘जागा संपत आली’ असे इशारे यायला लागले. असं पार्टिशन डिलीट करायचं नसतं, फक्त त्याचं अक्षर काढून टाकायचं.

डिस्कच्या नावाखाली ‘ऑफलाइन’ असेल तर डावीकडच्या नावावर उजवी क्लिक करून ‘ऑनलाइन’ करता येतं. पण आधी कारण बघा. आपल्याकडे जुन्या हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर घेतात आणि जुनी डिस्क डेटासाठी आतच ठेवतात. दोन्हींची सही (डिस्कवर लिहिलेला ओळखक्रमांक) सारखी असते, आणि विंडोज त्यातली एक बाजूला टाकतं. ऑनलाइन केल्यावर विंडोज त्या डिस्कची सही बदलतं. डेटाला धक्का लागत नाही, पण तिच्यावरून मशीन पुन्हा सुरू करायचा विचार असेल तर ते अडू शकतं.

‘रॉ’ लिहिलेलं असेल तर फाइल सिस्टीमला मार बसलाय. काळी पट्टी आणि ‘अनअलोकेटेड’ असेल तर पार्टिशनची नोंदच गेलीय. दोन्हीकडे ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’चा मोह टाळा, पुढे सांगतो ते करा.

एक विचित्र प्रकार मुद्दाम सांगतो, कारण यात भलेभले फसतात. ३ टीबीची डिस्क अचानक ७४६ जीबीची दिसते आणि आतलं पार्टिशन नाहीसं झालेलं असतं. डिस्क बिघडलेली नसते. जुन्या स्टोरेज ड्रायव्हरला २ टीबीच्या पुढचं मोजता येत नाही, तो तिथपर्यंत मोजून पुन्हा शून्यापासून सुरू करतो आणि वरचं उरलेलं तेवढं दाखवतो. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर नवा टाकला की डिस्क पूर्ववत दिसते. त्याआधी त्या ७४६ जीबीवर नवं पार्टिशन केलंत, तर न बिघडलेली डिस्क आपणच बिघडवली.

आणि डिस्क या यादीतच नसेल तर? मग विंडोजमध्ये खटपट करत बसू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन तिथे ती दिसते का बघा. तिथेही नसेल तर केबल, पॉवर किंवा डिस्क स्वतः. बाहेरची डिस्क असेल तर यूएसबी हबमधून काढून थेट मशीनच्या मागच्या पोर्टला लावा. मोठ्या ३.५ इंची डिस्कला तिचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतोच, तो मलूल झाला की डिस्क फिरते पण ओळखली जात नाही. बायोसमध्ये दिसते आणि विंडोजमध्ये नाही, असं असेल तर बायोस अपडेटनंतर व्हीएमडी किंवा रेड हे डिस्क कशी जोडली जाते ते ठरवणारे पर्याय बदललेत का ते तपासा. पण हे पर्याय अंदाजाने चालू-बंद करत राहू नका. तेवढ्यानेही विंडोज सुरू व्हायचं थांबतं.

बिटलॉकरच्या कुलपाला बिघाड समजणं

ड्राइव्ह दिसतोय, त्यावर पिवळं कुलूप आहे, किंवा मशीन सुरू होताच निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागितली जातेय. बायोस अपडेटनंतर हे सर्रास होतं. ही रिकव्हरी की ४८ आकडी असते आणि बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या अकाउंटमध्ये जपलेली असते. पडद्यावरच्या की आयडीची पहिली अक्षरं अकाउंटमधल्या नोंदीशी जुळवा, म्हणजे कुठल्या मशीनची कुठली की हे कळतं.

घोळ वेगळाच होतो. लॅपटॉप घेताना “दादा, सगळं सेट करून द्या” म्हणून आपण दुकानातच देतो, आणि तिथला मुलगा स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलने अकाउंट उघडून मोकळा होतो. की तिथे जाते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरुवात केली की बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. म्हणजे “मी बिटलॉकर कधी लावलंच नाही” हे खरं असूनही कुलूप असू शकतं. आधी दुकानात फोन करा, जुने ईमेल तपासा, कॉलेजने किंवा कंपनीने दिलेलं अकाउंट असेल तर त्यांच्या आयटीला विचारा. की नसेल तर कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर हे कुलूप फोडू शकत नाही. फोडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

चेकडिस्क चालवून बघू या

नातेवाइकांमधला कुणीतरी संगणकवाला हा सल्ला हमखास देतो. चेकडिस्क म्हणजे डिस्क तपासणारी विंडोजचीच आज्ञा. तिचं काम फाइल सिस्टीम सुसंगत करणं. तुमच्या फाइली वाचवणं हे तिचं काम नाही. जे जुळत नाही ते ती कापते, आणि मग ‘फाउंड डॉट ०००’ नावाच्या फोल्डरात नाव-गाव नसलेले तुकडे मिळतात. २०२० साली विंडोज १० च्या ‘२००४’ नावाच्या आवृत्तीनंतर स्टोरेज स्पेसेस (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची विंडोजची सोय) वापरणाऱ्यांचे ड्राइव्ह रॉ दिसू लागले, तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टने त्या मशीनवर चेकडिस्क चालवू नका असं सांगितलं होतं.

आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या: बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे), वाचता न आल्याने लटकलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. शेवटच्या दोन्हींत शून्याहून मोठा आकडा असेल तर चेकडिस्क विसरा. आधी डिस्कची संपूर्ण प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) दुसऱ्या डिस्कवर घ्या, जीएनयूचं डीडीरेस्क्यू हे साधन त्यासाठीच आहे, आणि पुढची सगळी खटपट त्या प्रतिमेवर करा.

टिकटिक किंवा खरखर आवाज येत असेल तर तेही नको. वीज बंद करा. ‘एकदा लावून बघू’ म्हणत प्रत्येक वेळी डिस्क फिरवली की आतला पृष्ठभाग आणखी खरवडला जाऊ शकतो.

वाचवलेलं त्याच डिस्कवर ठेवणं

पार्टिशन हरवलं असेल तर टेस्टडिस्क, फाइली विखुरल्या असतील तर फोटोरेक. दोन्ही मोफत, दोन्ही क्रिस्टोफ ग्रेनिये यांची. टेस्टडिस्कचा काळा पडदा बघून धास्ती वाटते, पण जुनं पार्टिशन सापडलं की त्यातल्या फाइलींची यादी ते नोंद बदलण्याआधीच दाखवतं. यादी नीट दिसली तर आधी फाइली कॉपी करून घ्या, नोंद लिहिण्याचा विचार मग करा. फोटोरेकला फाइलींची नावं आणि फोल्डर परत आणता येत नाहीत. हजारो फोटो क्रमांकाच्या नावाने मिळतात आणि ते लावत बसावं लागतं, म्हणून ते शेवटी.

सॉफ्टवेअर कुठे टाकताय आणि सापडलेल्या फाइली कुठे ठेवताय, हे दोन्ही हरवलेल्या ड्राइव्हपासून वेगळ्या डिस्कवर हवं. ड्राइव्ह वेगळा म्हणजे अक्षर वेगळं नव्हे. डी आणि ई एकाच डिस्कचे दोन भाग असतील आणि ती डिस्कच आजारी असेल तर डीवर ठेवून उपयोग नाही. आणि टेलिग्रामवरचं क्रॅक केलेलं ‘प्रो व्हर्जन’? हरवलेल्या ड्राइव्हच्या जोडीला व्हायरस कशाला.

सरळ नवी विंडोज टाकणं

मला विचाराल तर सगळ्यात जास्त डेटा इथे बुडतो. “फॉर्मॅट मारून देतो, सगळं ओके होईल” हे वाक्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत सारखंच ऐकू येतं. विंडोज टाकतानाच्या पडद्यावर सी, डी, ई दिसत नाहीत. तिथे असतं ‘ड्राइव्ह ० पार्टिशन ३’, ‘ड्राइव्ह १ पार्टिशन १’. ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत ई ड्राइव्हचं फक्त अक्षर उडालं होतं. बोलावलेल्या माणसाने या यादीतली सगळी पार्टिशनं एकेक करून डिलीट केली, कारण त्याला सवय एकच डिस्क असलेल्या मशीनची. अक्षर द्यायला अर्धा मिनिट लागलं असतं.

‘रिसेट धिस पीसी’मध्येही तोच धोका आहे. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडलं की पुढे फक्त विंडोजचा ड्राइव्ह की सगळे ड्राइव्ह, हा प्रश्न येतो. घाईत चुकीचं उत्तर जातं. अपडेटवरच संशय असेल तर मोठ्या अपडेटनंतर १० दिवस ‘गो बॅक’चा पर्याय असतो, आणि दरमहाचं छोटं अपडेट सेटिंग्जमधून काढता येतं. मात्र डिस्क क्लीनअपने जुन्या विंडोजचं फोल्डर उडवलंत तर ‘गो बॅक’ही गेलं.

दोष अपडेटचाच, असं धरून चालणं

कधीकधी तो असतोही. २ ऑक्टोबर २०१८ ला आलेलं विंडोज १० चं १८०९ अपडेट काही दिवसांतच थांबवावं लागलं, कारण ज्यांनी डॉक्युमेंट्स, पिक्चर्स ही फोल्डर दुसरीकडे वळवली होती त्यांच्यातल्या काहींच्या मूळ जागेवरच्या फाइली खरोखर पुसल्या गेल्या. फेब्रुवारी २०२० च्या एका अपडेटनंतर अनेकांचा डेस्कटॉप कोरा झाला, पण तिथे विंडोजने तात्पुरतं प्रोफाइल उघडलं होतं. फाइली सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’ फोल्डरात वेगळ्या नावाखाली पडून होत्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र उलटं झालं. विंडोज ११ च्या अपडेटनंतर सुमारे ५० जीबी सलग कॉपी करताना एसएसडी गायब होतात, अशा तक्रारी जपानमधून सुरू झाल्या. एसएसडी चालवणारी कंट्रोलर चिप बनवणाऱ्या फायसन कंपनीने ४,५०० तासांहून जास्त चाचण्या घेतल्या, मायक्रोसॉफ्टनेही तपासलं, आणि दोघांनीही अपडेटशी संबंध सापडला नाही असं जाहीर केलं. एक साधं कारण लक्षात घ्या: मोठं अपडेट कित्येक जीबी वाचतं, लिहितं आणि मशीन पुन्हा पुन्हा सुरू करतं. आधीच थकलेली डिस्क अशाच वेळी मान टाकते. अपडेट काढून टाकलं म्हणून ती बरी होत नाही, तेव्हा तब्येतीचे ते तीन आकडे अशा वेळीही बघाच.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: एक्सफॅट (विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणारी फाइल सिस्टीम) असलेली डिस्क नीट इजेक्ट न करता ओढली असेल तर पुढच्या वेळी मॅक तिची पार्श्वभूमीवर तपासणी करतो आणि ती संपेपर्यंत डिस्क फाइंडरमध्ये येत नाही. मोठ्या डिस्कला यात बराच वेळ जातो. डिस्क युटिलिटीत ती फिकट रंगात दिसत असेल तर ओढून काढू नका, थांबा.

डिस्क दुरुस्तीला देणार असाल तर कागदावर लिहून द्या: ‘फॉर्मॅट करायचं नाही, विंडोज टाकायची नाही, आधी डेटा’. बाहेरच्या डिस्कचं कव्हर उघडू देऊ नका. काही पोर्टेबल मॉडेलांत यूएसबीचा जोड डिस्कच्या सर्किटवरच असतो आणि एन्क्रिप्शनही तिथेच होतं, त्यामुळे आतली डिस्क दुसऱ्या डब्यात घालून चालत नाही. आणि डिस्क परत दिसायला लागली की पहिलं काम कॉपीचं. डीफ्रॅग, क्लीनअप, राहिलेलं अपडेट, सगळं त्यानंतर.