माल भरायच्या आधी: पिकअप चालवायला घेणाऱ्या नव्या पोरांसाठी

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीबाहेर पिकअपची रांग लागते, तेव्हा स्टेअरिंगवर बरीच पोरं विशी-बाविशीची दिसतात. लायसन झालेलं असतं, गाडीवर हातही चांगला बसलेला असतो. पण गाडी राखायची कशी, हे त्यांना कुणी बसवून शिकवलेलं नसतं. मी अण्णांच्या हाताखाली क्लीनर म्हणून राहिलो तेव्हा त्यांनी स्टेअरिंग फार उशिरा हातात दिलं. त्याआधी गाडीभोवती चक्कर मारायला लावली, रोज, आणि तीही माल भरायच्या आधी.

त्यामागचं कारण पहिल्याच हंगामात उमगतं. वीस-वीस किलोचे ऐंशी क्रेट हौद्यात चढले, ताडपत्री ओढली, दोर आवळला, की मग टायरमध्ये खिळा दिसला तरी मन म्हणतं, वाशीला पोचल्यावर बघू. माल परत उतरवायचा कुणी? दुसऱ्यांदा हमाली कोण देणार? व्यापारी फोनवर फोन करत असतो, पहाटेच्या आत मार्केटला लागायचं असतं. भरलेल्या गाडीत सापडलेला दोष माणूस पोटात घालतो आणि निघतो. रिकाम्या गाडीत सापडला तर पंक्चरवाला, मिस्त्री, सगळे अजून हाताशी असतात. म्हणून दुपारी, लिलावाला लागायच्या आधी, सपाट जागा बघून गाडी उभी करा आणि इंजिन बंद करून थोडं थांबा.

आधी खाली वाकून जमीन बघा. गाडी उभी होती तिथे डाग पडलाय का? काळा, चिकट डाग इंजिन ऑइलचा. हिरवट किंवा गुलाबी पाण्यासारखा असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर बोट लावून बघा. ब्रेक ऑइल असेल तर गाडी तिथेच ठेवायची, त्यावर चर्चा नाही.

मग बॉनेट. ऑइलची पट्टी एकदा पुसायची, पुन्हा घालून काढायची आणि पातळी दोन खुणांच्या मधे आहे का ते पाहायचं. वरच्या खुणेच्या वर भरणं हेही नुकसानच. कूलंट बाटलीवरच्या खुणेवरून कळतं. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं. आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ओतायची सवय लावू नका. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार आत थर धरतात आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी चढावर तापायला लागते. फॅनबेल्टच्या आतल्या बाजूला भेगा आहेत का ते बघा. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा. टोकं काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी.

डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. एका काचेच्या ग्लासात थोडं डिझेल काढून उन्हात धरलं की पाणी तळाशी वेगळं बसलेलं स्पष्ट दिसतं. हे पाणी पुढे पंपात आणि इंजेक्टरमध्ये गेलं की होणारा खर्च हंगामाची कमाई खातो.

टायरकडे नवी पोरं फक्त लाथ मारून बघतात. त्याने काही कळत नाही. हवा गेजनेच मोजायची, टायर थंड असताना. किती भरायची ते दरवाज्याजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. भरलेल्या गाडीला मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तोच घ्या. कमी हवेचा टायर चालताना बाजूने सारखा मुडपतो, आतून तापतो आणि फुटतो. आता इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत जाता येतं, घाट टळतो, पण काँक्रीटवर एकाच वेगाने लांब पळताना हीच गोष्ट जास्त महागात पडते. वाटेत टायर गरम लागला म्हणून हवा सोडू नका. गरम झाल्यावर दाब वाढणारच. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३२३ असेल तर २०२३ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. जुना माल नवा म्हणून गळ्यात मारणारे भेटतात, तेव्हा हे वाचता आलं पाहिजे. स्टेपनीत हवा आहे का हे पंक्चर झाल्यावर बघायची गोष्ट नव्हे.

आता ब्रेक. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आपला रस्ता कसारा घाटातून उतरतो.

भरलेली गाडी घाटात सोडली की तिला थोपवायचं काम ब्रेक करतो, आणि ते सगळं काम उष्णता होऊन डिस्कमध्ये, ड्रममध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि तुमचा पाय खाली जातो पण चाकाला काही पोचत नाही. सपाट रस्त्यावर हाच ब्रेक अगदी ठीक लागलेला असतो, म्हणून घाटातला ड्रायव्हर बेसावध सापडतो. ब्रेक ऑइल पातळी कमी झाली म्हणून नुसतं वरून ओतायचं नसतं, ठरल्या मुदतीला पूर्ण बदलायचं असतं. पुस्तकात मुदत दिलेली आहे. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांच्या आसपास असते, आणि घाटाच्या लाइनवर चालणाऱ्याने ती ओलांडू नये. पातळी उतरलीच असेल तर आधी कारण शोधा: ब्रेकचे लायनर आणि पॅड झिजलेत की कुठे गळतंय.

इगतपुरी सोडली की उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी हा घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरायची. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक अधूनमधून नीट दाबून सोडायचा, त्यावर पाय ठेवून बसायचं नाही. डिझेल वाचतं म्हणून कुणी न्यूट्रल करायला सांगितलं तर ऐकू नका. इंजिन बंद करून उतरणारे तर जिवाशी खेळतात. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही दगडासारखं जड होतं.

घाट उतरून चहाला थांबलात की आणखी एक काम आहे, अण्णांनी मला हेच सगळ्यात आधी शिकवलं. चहा सांगायच्या आधी चारही चाकांपाशी जायचं आणि हाताची मागची बाजू हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, जवळ न्यायची, टेकवायची नाही. सगळीकडे धग असतेच. पण एकाच चाकाची धग बाकीच्यांपेक्षा खूप जास्त असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग गेलंय. करपल्यासारखा वास कुठून येतो तेही तिथेच कळतं. असं चाक सापडलं तर गाडी थंड होऊ द्या, मिस्त्रीला दाखवा, मग पुढे. आणि भरलेल्या गाडीने चढ चढून आलात तर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा. टर्बो तापलेला असतो, ऑइल फिरत राहिलं तर तो टिकतो.

पाट्यांखाली, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पानांच्या स्प्रिंगांखाली, महिन्यातून एकदा तरी टॉर्च घेऊन जा. तुटलेलं पान, सरकलेलं पान, पाटे आवळून धरणारा सैल यू बोल्ट नजरेला दिसतात. यू बोल्टच्या नटाभोवती गंजाची ताजी लाल रेघ दिसली तर तो हलतोय असं समजा. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) ग्रीस पावसाळ्यानंतर हमखास. पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचं ऑइल तपासून घ्या; दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. गाडीखाली जाताना एकच गोष्ट लक्षात ठेवा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग न्यायचा नाही. चाकांना दगड, चॅसिसखाली भक्कम लाकडी ओंडका किंवा स्टँड, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. चाक बदललं की नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून पुन्हा पाना लावा.

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर एक्झॉस्टमधल्या डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा ओळखायला शिका. तो लागला की मोकळ्या रस्त्यावर सलग पळवून आतली काजळी जाळायची असते. रीत पुस्तकात आहे. ऑइल त्याच दर्जाचं लागतं, स्वस्तातलं जुन्या गाडीचं चालत नाही. ज्या गाडीला डीईएफ, म्हणजे धूर साफ करणारं युरियाचं पाणी, लागतं तिची ती टाकी वेगळी, निळ्या झाकणाची. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर इंजिन चालू करू नका, चावीसुद्धा फिरवू नका.

कागदांचं थोडक्यात. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाच्या गाडीला एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन पुरतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे कायम केलं. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. ओव्हरलोडला दंड २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये. पण दंडाच्या आधी वर सांगितलेले ब्रेक, पाटे आणि टायर आठवा. तुमची गाडी किती क्षमतेची आहे ते आरसी बुकावरून काढून पाठ करा, आणि 'दहा क्रेट अजून बसतात' म्हणणाऱ्याला तोच आकडा सांगा.

गाडी मालकाची असेल तर कामाची वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती लागले, टाकी ते टाकी ॲव्हरेज किती पडलं. ॲव्हरेज उतरलं की एअर फिल्टर, टायरची हवा आणि धरून राहणारा ब्रेक, या क्रमाने बघत जा. मालकाला दोष तोंडी सांगून सोडू नका, फोटोसकट व्हॉट्सॲपवर पाठवा: 'शेठ, मागचे लायनर संपलेत, बदलून घेतो, मग भाडं धरू.' चांगला मालक अशा ड्रायव्हरला सोडत नाही. ब्रेक नसताना जा म्हणणारा मालक भेटला तर चावी परत द्या. हंगामात पिंपळगावला ड्रायव्हर शोधणारे बरेच असतात.