अडखळत वाचणाऱ्या मुलाची शिकवणी घेताना

डिस्लेक्सिया (अक्षरे वाचण्या-लिहिण्यातली अडचण) किंवा एकाग्रतेची अडचण असलेल्या मुलाची शिकवणी सुरू करताना आधी त्याच्या वह्या चाळाव्यात, एखादा उतारा मोठ्याने वाचून घ्यावा आणि ते नेमके कोठे अडते याची नोंद करावी. ‘वाचन कच्चे आहे’ या शेऱ्याचा काहीच उपयोग नसतो. घ-ध, भ-म, थ-य यांत गोंधळ होतो, जोडाक्षर आले की मूल अंदाजाने शब्द ठोकून देते, की ओळच हरवते, हे कळले तरच काय शिकवायचे ते ठरवता येते.

इंग्रजीसाठी तयार केलेले सराव मराठीला पुरत नाहीत, कारण देवनागरीच्या अडचणी वेगळ्या आहेत. ‘कि’मध्ये इकार उच्चारात नंतर येतो, पण कागदावर आधी दिसतो, रफाराचे याच्या उलट आहे. ‘गर्दी’ या शब्दात र् हा द च्या आधी ऐकू येतो आणि लिहिताना मात्र ‘दी’च्या डोक्यावर बसतो. त्यामुळे मूल ‘गदी’ किंवा ‘ग्रदी’ लिहिते आणि त्याला निष्काळजी ठरवले जाते, हा त्याच्यावर अन्याय आहे. अशा वेळी शब्द दहादा लिहायला लावू नये. टाळी वाजवत ‘गर्‌-दी’ असे दोन तुकडे म्हणून घ्यावेत, ते पाटीवर पाय मोडलेल्या र् सह सुटे लिहावेत, मग तोच र् रंगीत खडूने ‘दी’वर चढवून दाखवावा आणि मुलाला तो बोटाने गिरवायला सांगावा. त्या दिवशी ‘सर्दी’, ‘वर्दी’, ‘खुर्ची’ एवढेच शब्द पुरेत. ऐकणे, बोलणे, पाहणे आणि गिरवणे एकत्र आले की अक्षर अधिक पक्के बसते.

गणितातही भाषेचा अडसर असतो. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, म्हणून मूल 52 लिहिते. ‘एकोणतीस’मध्ये तर तीसचा उल्लेख असून अंक मात्र 29 असतो. बालभारतीने 2019मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले तेव्हा बरीच टीका झाली, पण अशा मुलांसाठी ती पायरी मला मोलाची वाटते. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून आधी ‘वीस पाच’ आणि मग ‘पंचवीस’ म्हणून घ्यावे.

लक्ष टिकत नसेल, तर तासभर बसवण्याचा हट्ट सोडून पंधरा-वीस मिनिटांनी उठू द्यावे. शब्दपट्ट्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून एकेक आणायला सांगितली, तर उठणेही अभ्यासातच जमा होते. ‘लक्ष दे’ ही सूचना फार मोघम आहे. त्याऐवजी ‘या ओळीखाली पट्टी धर’ असे एका वेळी एकच काम सांगावे. विज्ञान किंवा इतिहासाची उत्तरे तोंडी घ्यावीत, म्हणजे लिहिता न आल्यामुळे त्याचे ज्ञान झाकले जाणार नाही.

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) समावेश आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत प्रमाणपत्राच्या आधारे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. या प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीला वेळ लागतो, म्हणून पालकांना त्याची कल्पना नववीची वाट न पाहता द्यावी आणि तारीख घातलेले लेखनाचे नमुने जपून ठेवावेत. तपासणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञालाही ते उपयोगी पडतात.